बिघाड आढळला नाही

ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे 'घसारासाहेब' म्हणत. ज्यांचा विम्याशी कधी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगून टाकतो. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत उतरते. ही जी उतरलेली किंमत, तिला म्हणायचं घसारा. दुकान जळालं, गाडी ठोकली, गोदामात पाणी शिरलं, की नुकसान मोजायला विमा कंपनी माणूस पाठवते, तो सर्व्हेअर. आमचे साहेब सव्वीस वर्षांचे मुरलेले सर्व्हेअर. दुकानदार डोक्याला हात लावून बसलेला असायचा आणि साहेब जळक्या कपाटावर बोट ठेवून विचारायचे, "हे घेतलं कधी? सात वर्षं झाली ना? मग सात वर्षांचा घसारा जाणार." ऑफिसातला शिपाई तर म्हणायचा, "साहेबांपुढे चहा ठेवला तर आधी कपाचा घसारा काढतील आणि मग पितील."

माणूस वाईट नव्हता हं. कुणाच्या एका पैशाला कधी शिवले नाहीत. पण डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं, अशी सवय जडलेली. मशीन उघडायचं, आत बघायचं, तुटकंफुटकं काही दिसलं नाही की कागदाच्या तळाशी गोल अक्षरात लिहायचं, 'बिघाड आढळला नाही', आणि खाली सही ठोकायची. एकदा हे वाक्य पडलं की समोरच्यानं कितीही आर्जवं केली तरी साहेब ढिम्म हलत नसत. आणि ऑफिसातली ही सवय साहेबांनी घरीही आणली होती, हे खरं दुखणं!

वडील जाऊन महिना झाला होता. रविवारी सकाळी साहेब वडिलांच्या खोलीत यादी करत बसले होते. दोन चष्मे, एक रेडिओ, कपडे, एक बॅटरी, पुस्तकांचा गठ्ठा. वडील शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपचालक होते. एकतीस वर्षं त्यांनी पहाटे पाचच्या ठोक्याला व्हॉल्व्ह उघडून अर्ध्या शहराच्या नळांना पाणी सोडलं. नोकरीला लागले तेव्हा जवळ घड्याळ नव्हतं. तिथल्या इंजिनिअरनं स्वतःच्या मनगटावरचं काढून त्यांच्या हातावर बांधलं आणि म्हणाला, "पाणी वेळेवर सोड म्हणजे झालं." तेच हे घड्याळ. सायीच्या रंगाची तबकडी, सेकंदाच्या काट्यासाठी खाली वेगळं इवलंसं वर्तुळ, आणि रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारं.

यादी चालू असतानाच बहिणीचा फोन आला. ती दूरच्या गावी शाळेत शिकवते.

"दादा, मला बाकी काही नको. तेवढं बाबांचं घड्याळ दे."

साहेबांचं पेन थांबलं. बहिणीनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. मग आत्ताच का? आणि नेमकं घड्याळच का? जुन्या घड्याळांसाठी हौशी लोक वाट्टेल ती किंमत मोजतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं होतं. मनात पाल चुकचुकली.

"देतो ना," ते म्हणाले. "पण आधी किंमत काढून घेऊ. वाटणीत धरायला बरं."

मग बहीण म्हणाली, "मी घड्याळ मागितलं, दादा. किंमत नाही विचारली." आणि तिनं फोन ठेवला.

"हिला कुणीतरी किल्ली दिलेली दिसतेय," साहेब बायकोला म्हणाले.

"कुणी नाही दिली. तिचे बाबा होते ते, म्हणून मागितलं," बायको म्हणाली. "तुमचं आपलं काहीतरीच."

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. ही आत्या. वडिलांची धाकटी बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जन्मभर नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही. चार गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची.

"अरे, माझ्या दाराची बेल पुन्हा वाजत नाहीये रे. जरा येऊन बघतोस?"

"आत्या, वायरमननं दोनदा बघितली ना? बेल चांगली आहे. बिघाड आढळला नाही."

"असं म्हणाला का तो? बरं बरं. मग माझ्याच कानांना ऐकू येत नसेल." आत्यानं फोन ठेवला आणि साहेबांनी यादीत पुढचा आकडा घातला.

दुसऱ्या दिवशी साहेब जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे गेले. दुकान छोटं पण चकचकीत. व्यापाऱ्यानं टेबलावर काळं कापड अंथरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ हातात घेतल्याबरोबर भुवया उंचावल्या.

"वा! तबकडी मूळची. काटे मूळचे. कुणी घासूनपुसून चकाकी आणण्याचा उद्योग केला नाही हे फार चांगलं. लोक नवं दिसावं म्हणून पॉलिश करतात आणि किंमत घालवून बसतात. हे तर फारच जपलेलं आहे, साहेब."

साहेबांना बरं वाटलं. आपला संशय अगदीच फोल नव्हता म्हणायचा. व्यापाऱ्यानं पात्यासारख्या हत्यारानं मागचं झाकण उघडलं आणि आतली बाजू दिव्याखाली धरली. त्याचा चेहरा उतरला.

"अरेरे! हे काय?"

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. वर काही तारखा, प्रत्येक तारखेशेजारी नखाएवढी चांदणी. त्यांच्याखाली ओळीनं नुसती टिंबं. ओळीवर ओळी.

"दुरुस्ती करणारे कारागीर अशी खूण करून ठेवतात," व्यापारी म्हणाला. "तारखा नऊ आहेत, पन्नास-पंचावन्न वर्षांच्या मानानं ते ठीकच. पण ही टिंबं..." तो मोजत गेला. "त्रेसष्ट! म्हणजे त्रेसष्ट वेळा हे उघडलंय कुणीतरी. एवढ्यांदा उघडलेलं घड्याळ म्हणजे आत काहीतरी जुनं दुखणं असणार. घेणारा घाबरतो हो. अर्ध्याहून जास्त घसारा लावावा लागेल."

घसारा! सव्वीस वर्षं जो शब्द साहेबांनी दुसऱ्यांच्या कपाळी मारला, तो आज त्यांच्या बापाच्या घड्याळाला लागला. तोंड एवढंसं झालं त्यांचं.

"ही चांदणी मात्र ओळखतो मी," व्यापारी झाकण मिटत म्हणाला. "जुन्या पंपहाउसच्या मागच्या गल्लीत एक घड्याळवाल्या बाई आहेत, त्यांची. आधी त्यांचे वडील बसायचे तिथं. कशासाठी उघडलं ते बाईंकडून लिहून आणा. मग किमतीचं बघू."

साहेब बाहेर पडले ते डोक्यात राख घालूनच. सगळा मामला त्यांना लख्ख दिसला. एकटा म्हातारा, जुनं घड्याळ, आणि त्रेसष्ट वेळा 'दुरुस्ती'च्या नावाखाली लुबाडणारी बाई! फसवणुकीची शेकडो प्रकरणं त्यांनी उघडकीला आणली होती आणि ही लूट मात्र स्वतःच्या घरात चाललेली त्यांना कळली नव्हती. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, झाकणाचे फोटो काढून, साडेतीनच्या सुमाराला ते त्या गल्लीत शिरले.

दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट म्हणा. भिंतीवर टांगलेली दहा-बारा घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. टेबलामागे पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई, निळा कामाचा कोट, दोऱ्याला बांधलेलं भिंग गळ्यात. टेबलाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर शिवलेली गादी. आत जायच्या दाराला पडदा.

साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "ओळखता हे?"

बाईंनी ते उचललं आणि बघायच्या आधी कानाशी नेलं. "बंद आहे! किती दिवस किल्ली दिली नाही याला?"

"ते राहू द्या. त्रेसष्ट वेळा उघडलंत तुम्ही हे. बिघाड काय होता?"

"बिघाड?" बाईंनी मान हलवली. "काहीच नव्हता."

"नव्हता ना? मग म्हातारा माणूस बघून चांगलंच घड्याळ उघडत बसलात? लाज नाही वाटली? मी सर्व्हेअर आहे, बाई. असे प्रकार रोज हाताखालून जातात माझ्या. पोलिसांत देईन!"

"आवाज खाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला इथं टिकटिक ऐकावी लागते." मग त्यांनी साहेबांकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सर्व्हेअर! म्हणजे तुम्ही पंपवाले काकांचे चिरंजीव. अहो, बसा ना. काका कुठं आहेत? पाच आठवडे झाले, फिरकले नाहीत. मला वाटलं तुमच्या बहिणीकडे गेले असतील. बरे आहेत ना?"

भांडायला आलेला माणूस, त्याला आता काय सांगावं लागणार होतं!

"वडील गेले," ते म्हणाले. "महिना झाला."

बाईंनी गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. स्टुलाच्या गादीकडे बघितलं. ती त्यांनी सकाळीच झटकून ठेवली असावी, कारण सगळ्या दुकानात तेवढ्याच वस्तूवर धूळ नव्हती.

"मला कुणी कळवलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कशाला कळवायचं? तुम्ही कोण त्यांच्या?" साहेब बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांना जीभ चावावीशी वाटली. कारण बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "खरंय. बसा. तुम्ही बिघाड विचारलात ना? सांगते."

साहेब स्टुलावर बसले.

"पावणेतीन वर्षांपूर्वी काका पहिल्यांदा माझ्याकडे आले. तुमच्या आई जाऊन थोडेच महिने झाले होते. त्याआधीची सगळी दुरुस्ती माझ्या वडिलांच्या हातची, त्या वरच्या तारखा त्यांच्या. काका म्हणाले, घड्याळ मागं पडतंय. मी उघडलं, तपासलं. एक सेकंद मागं नव्हतं. तसं सांगितलं, तर म्हणाले, 'असं का? बरं बरं.' आणि तरी उठेनात. तुम्ही बसलात ना, तिथंच बसून राहिले. पंपहाउसच्या गोष्टी सांगितल्या. तासाभरानं गेले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा हजर, 'आता पुढं पळतंय.' मी पुन्हा उघडलं. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे वडिलांपासूनचा नियम आहे, झाकण उघडलं की खूण केल्याशिवाय मिटायचं नाही. दुरुस्ती केली तर तारीख. नुसतं बघून मिटलं तर टिंब. बिघाड नाही, म्हणून टिंब."

"म्हणजे त्रेसष्ट वेळा..."

"त्रेसष्ट गुरुवार. दर पंधरा दिवसांनी, साडेतीनला. आजारी असतील तेव्हाच चुकले. पैसे मी एकदाही घेतले नाहीत, पोलिसांत देणारच असाल तर तेवढं लिहून घ्या. आणि खोटं कशाला सांगू, मीही वाट बघायचे. हे भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसलेल्या बाईशी बोलायला कोण येतं?"

वडिलांचा आवाज साहेबांना ऐकू आला, अगदी स्पष्ट. 'हे जरा मागं पडतंय रे, बघतोस का?' किती वेळा म्हणाले होते! सकाळी साहेब बूट घालत असताना, संध्याकाळी फोनवर असताना. आणि एक दिवस वैतागून साहेबांनी त्यांना बॅटरीवरचं नवं कोरं घड्याळ आणून दिलं होतं. 'हे घ्या. किल्ली नको, काही नको. आता बिघडायचं नावच नाही.' वडील म्हणाले होते, 'छान आहे.' आठ दिवस घातलं आणि खणात ठेवून दिलं. म्हाताऱ्यांचा हट्ट, असं साहेब तेव्हा बायकोला म्हणाले होते. आज त्यांना कळलं, की बिघडायचंच नाही असं घड्याळ देऊन त्यांनी वडिलांचं बोलायचं निमित्तच काढून घेतलं होतं.

"पण घरात माणसं होती," साहेब पुटपुटले. "खाणंपिणं, औषधं, कशाची कमी नव्हती हो त्यांना."

"नव्हतीच," बाई म्हणाल्या. "काकांनी तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही कधी. उलट तुमचं कौतुकच फार. पण साहेब, तुम्ही मशीन बघणारे. मला सांगा, मशीन चालू आहे आणि त्याला कुणी वापरतच नाही, तर त्याला तुम्ही काय म्हणता?"

साहेबांना उत्तर माहीत होतं. अहवालात त्यासाठी रकाना असतो. 'चालू स्थितीत, विनावापर पडून.'

"मी एकदा काकांना म्हटलं होतं," बाई पुढं म्हणाल्या, "की काका, एवढ्या खुणा झाल्या तर किंमत उतरेल हो याची. तर हसले. म्हणाले, 'उतरू दे. माझा मुलगा सर्व्हेअर आहे, मोठा. किंमत काढल्याशिवाय तो काही ठेवत नाही आणि काही टाकत नाही. तो हे उघडून बघणारच. एक खूण सुटायची नाही त्याच्या नजरेतून.' केवढ्या अभिमानानं सांगितलं होतं!"

आता मात्र साहेबांनी तोंड फिरवलं. भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिले. झाकणाच्या आतल्या खुणा दिसल्या, मोजल्या, फोटोसुद्धा काढले. बाप मात्र डोळ्यांसमोर बसलेला दिसला नाही!

"आणखी एक सांगू का?" बाईंचा आवाज बारीक झाला. "नको वाटतंय, पण तुम्हाला ठाऊक असायला हवं. सहा महिन्यांपूर्वी मी तुम्हाला फोन केला होता. 'वडिलांचं घड्याळ तयार आहे, घेऊन जा.' आठवतंय?"

आठवत होतं. कुठल्याशा बाईंचा फोन, कामाच्या घाईत. साहेबांनी शिपायाला पाठवून दिलं होतं.

"तो फोन काकांनी करायला लावला होता. म्हणाले, 'मी बोलावलं तर यायला त्याला वेळ नसतो. दुकानातून फोन गेला तर काम समजून येईल.' त्या दिवशी नवा सदरा घालून आले होते. या पडद्यामागं बसले. तुम्ही आलात की बाहेर यायचं, तुम्हाला चकित करायचं, मग दोघांनी चालत पंपहाउसपर्यंत जायचं आणि लहानपणी तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसून डबा खायचात तिथं बसायचं, असा सगळा बेत. तीन वेळा मला विचारलं, 'मी दिसत नाही ना बाहेरून?' आणि आला तुमचा शिपाई."

"मग?"

"मग काय? बाहेर आले. शिपायाला म्हणाले, 'साहेब कामात असतील. द्या, मीच नेतो.' त्याला पाणी द्यायला लावलं. आणि घरी सांगू नका म्हणाले, त्यालाही आणि मलाही."

त्या रात्री जेवताना साहेबांनी विचारलं होतं, 'मिळालं का घड्याळ?' वडील म्हणाले होते, 'मिळालं बाबा, मिळालं.' आणि भाजी पुढं सरकवली होती.

साहेब रडले. दुसऱ्यांच्या जळक्या दुकानात सव्वीस वर्षं कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला माणूस त्या स्टुलावर बसून ओक्साबोक्शी रडला. बाईंनी त्यांना रडू दिलं. मग घड्याळाला किल्ली दिली, झाकण उघडलं आणि ते त्यांच्यापुढे धरलं. आत एक बारीक चाक इकडून तिकडे झुलत होतं.

"हे बघायला आवडायचं त्यांना. 'चालू आहे ना?' विचारायचे. मी म्हणायचे, चालू आहे, काका." बाईंनी सुई घेतली, शेवटच्या ओळीत एक टिंब कोरलं आणि झाकण मिटलं. "हे तुमचं. किंमत आणखी उतरली, माफ करा. लिहून काय देऊ?"

"जे खरं आहे ते द्या."

बाईंनी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले. 'बिघाड नाही.'

घड्याळ मनगटावर बांधून, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून साहेबांनी बहिणीला फोन लावला. "घड्याळ तुझं आहे. मी स्वतः घेऊन येतो. शनिवारी."

"किंमत निघाली?" तिनं विचारलं, जरा तुटकपणे.

"नाही गं. मला काढताच येत नाही. तुला ते का हवं होतं, एवढं सांगशील?"

"रोज शाळेला निघायच्या आधी बाबांचा फोन यायचा. 'माझं घड्याळ बरोबर लावायचंय, किती वाजले तुझ्याकडे?' मी वेळ सांगायची. मग घरातलं सगळं सांगत बसायचे. मला दोनदा उशिराचा शेरा मिळाला शाळेत. मिळू दे म्हटलं." बहीण म्हणाली. "आता कुणी विचारत नाही रे, किती वाजले."

फोन खिशात ठेवून साहेब निघाले, पण घराकडे नाही. चार गल्ल्या पलीकडे गेले, तीन मजले चढले आणि आत्याच्या दारापुढे उभं राहून त्यांनी बेल दाबली.

खणखणीत वाजली!

आतून सपातांची घाईघाईची फरफर ऐकू आली. "आले, आले! थांबा हं, जाऊ नका!" दार उघडलं. आत्याचा चष्मा वाकडा बसला होता. साहेबांना बघून ती घाबरली. "तू? काय झालं रे? कुणाला काही झालं का?"

कुणाला काही झाल्याशिवाय हा येत नाही, हे तिला पाठ होतं.

"कुणाला काही नाही. बेल बघायला आलोय."

आत्या ओशाळली. "अरे, वाजली की आत्ता. चांगलीच आहे म्हणायची. मी आपली उगाच तुला... जा बाबा तू, ऑफिसचा खोळंबा होईल तुझा."

साहेबांनी बेलकडे निरखून बघितलं. पुन्हा एकदा दाबली, कान देऊन ऐकली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटा अहवाल दिला.

"नाही आत्या. बिघाड आहे. आवाज चिरकतोय जरा. उघडून बघावी लागेल. तास-दीड तास तरी मोडेल."

"तास-दीड तास?"

"जास्तच. आणि एका खेपेत व्हायचं नाही हे. पुढच्या गुरुवारी पुन्हा यावं लागेल."

चाळीस वर्षं रोग्यांचे बहाणे ऐकलेली ती बाई. तिला काय कळायचं राहिलं होतं! तिनं भाच्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, त्याच्या मनगटावरचं भावाचं घड्याळ बघितलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. "मग आधी चहा टाकते," ती पदराआडूनच म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर खालच्या खणात आहे. तुझ्या बाबानंच आणून ठेवलाय. तोही यायचा ना बेल बघायला."

साहेबांनी बेलचं झाकण काढलं. आत सगळं ठाकठीक होतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक टिंब कोरलं, आणि चहा येईपर्यंत झाकण हातात घेऊन बसून राहिले.

मंडळी, ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच. तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल, रेडिओ खरखरतोय, पंख्याचा आवाज येतोय, चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं, जरा बघतोस का. आपण लगेच कारागीर बोलावतो, नवी वस्तू आणून देतो आणि आपलं कर्तव्य झालं असं समजतो. वस्तूत बिघाड सापडत नाही तेव्हा तर आपण त्यांच्यावरच चिडतो. अहो, त्यांना वस्तूबद्दल बोलायचंच नसतं! 'माझ्याजवळ बस' असं सरळ म्हणायला त्यांना संकोच वाटतो, कारण आपण किती कामात असतो हे आपणच त्यांना रोज ऐकवलेलं असतं. तेव्हा आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, चहा प्या, त्यांच्या तरुणपणीचा एखादा ऐकलेलाच किस्सा पुन्हा ऐका. दुरुस्ती नंतरही करता येते.

साहेब आता दर गुरुवारी आत्याकडे जातात. तिच्या बेलच्या झाकणात टिंबांची दुसरी ओळ सुरू झाली आहे. पण वडिलांच्या घड्याळात त्यांचं स्वतःचं टिंब एकच, चौसष्टावं, आणि तेही वडील गेल्यानंतरचं. त्याच्या आधीचं एक तरी आपलं असायला हवं होतं, असं त्यांना रोज वाटतं, आणि त्यावर आता कुणाकडेच काही इलाज नाही. तुमच्यावर अजून ती वेळ आली नसेल, तर हे पुस्तक मिटा आणि निघा. ते वाट बघत असतील.